वाळूचा हिशेब ठेवणारा इंजिनिअर

मित्रहो, वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उंट, खजुराची झाडं आणि हिंदी सिनेमातलं एखादं गाणं. सिव्हिलवाल्यांना फार तर वाळू आठवेल, तीही ब्रासमध्ये! पण वाळवंट आणि इंजिनिअर अशी जोडी आपल्या डोक्यात सहसा येत नाही. म्हणूनच या लेखात मी एका इंजिनिअरची गोष्ट सांगणार आहे. त्याने जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एकात साध्या फोर्ड मोटारी घातल्या आणि माणसं सुखरूप परत आणली. नंतर त्याच वाळूवर असं पुस्तक लिहिलं की मंगळावरच्या टेकड्यांना त्याचं नाव दिलं गेलं. त्याचं नाव राल्फ ॲल्जर बॅग्नोल्ड.

आता मी दुधनीचा माणूस, मला वाळवंटाचं काय पडलंय, असं कोणी विचारेल. दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं टोक, तालुका अक्कलकोट. गाव संपलं की थोड्याच अंतरावर कर्नाटक. आमच्याकडे काळी माती, तूर, ज्वारी, मार्केट यार्ड आणि रेल्वे स्टेशन. वाळूची टेकडी औषधालाही नाही. पण हॉस्टेलवरच्या आम्ही सहा जणांनी येत्या डिसेंबरच्या सुटीत जैसलमेरला जायचं ठरवलं आणि आखणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्या आम्हाला बघायच्या आहेत. फ्लुइड मेकॅनिक्स शिकवणाऱ्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की जायच्या आधी बॅग्नोल्ड वाचून जा. वाचायला लागलो आणि ट्रीपची यादी राहिली बाजूला, मी या माणसातच गुंतलो.

बॅग्नोल्डचा जन्म ३ एप्रिल १८९६ चा, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. घरात लष्कर आणि वाळवंट दोन्ही होतं. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. १८८४-८५ साली खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी जी फौज नाईलवरून गेली, तिच्यात ते होते. बहीण एनिड पुढे नावाजलेली लेखिका झाली. 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही कादंबरी तिची. राल्फ मात्र लहानपणापासून हत्यारं, यंत्रं आणि खटपटी यांत रमणारा. वुलिचच्या लष्करी अकादमीतून तो १९१५ साली रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि तिथून थेट पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत. सोम, ईप्र, पाशेंडेल... ही नावं आपण इतिहासात वाचतो, त्याने ती चिखलासकट पाहिली. युद्ध संपल्यावर तो केंब्रिजला जाऊन रीतसर इंजिनिअरिंग शिकला आणि पुन्हा सैन्यात, सिग्नल्सच्या तुकडीत रुजू झाला.

१९२६ साली त्याची बदली इजिप्तला, कैरोला झाली. इतर अधिकारी सुटीत पोलो खेळत. बॅग्नोल्ड आणि त्याचे चार-दोन दोस्त मात्र फोर्डच्या मॉडेल टी गाड्या घेऊन शहराबाहेर पडत. आधी सिनाई, मग सिवाचं ओअॅसिस, मग आणखी पश्चिमेला. सरकारी मोहीम वगैरे काही नाही. रजा स्वतःची, खर्चही स्वतःचा. पुढे त्याची बदली हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीवर झाली, तरी रजा साठवून तो इजिप्तच्या वाळवंटात परत जायचाच.

इथे ओअॅसिसबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ओअॅसिस म्हणजे वाळूच्या मधोमध चमत्काराने उगवलेली बाग, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातली सिवा, बहारिया, फराफ्रा, दाखला, खारगा ही सगळी ओअॅसिस मोठमोठ्या खोलगट भागांत आहेत. सिवा तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. आपण पाण्यासाठी विहीर खणतो. तिथे हजारो वर्षं वाऱ्याने माती-वाळू उडवून नेत जमीनच इतकी खोल केली की भूगर्भातलं पाणी जवळ आलं. ते पाणीसुद्धा आजच्या पावसाचं नाही, फार जुन्या ओल्या काळात मुरलेलं आहे. दोन ओअॅसिसच्या मध्ये शेकडो किलोमीटर काहीच नाही. आणि सिवाच्या दक्षिणेला पसरलेला वाळूचा महासागर म्हणजे उत्तर-दक्षिण धावणाऱ्या वाळूच्या लांबच लांब रांगा, काही शंभर मीटरहूनही उंच. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर त्या एकामागून एक ओलांडायच्या! उंटांचे काफिलेही हा भाग टाळत. मोटार तर इथून जाणारच नाही, असं सगळे धरून चालले होते.

हसनैन बे या इजिप्शियन प्रवाशाने १९२३ साली उंटांवरून जाऊन उवैनात हा डोंगर जगाला दाखवला होता. राजपुत्र कमाल अल-दीन याने पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या नेऊन गिल्फ कबीर हे पठार गाठलं होतं. पण त्यांच्यामधला वाळूचा समुद्र तसाच राहिला होता. बॅग्नोल्डने ठरवलं की इथून साध्या बाजारी मोटारीने जायचं.

आता आपल्या कामाचा भाग येतो. तो गेला कसा?

पहिला प्रश्न पाण्याचा. माणसापेक्षा गाडीच जास्त पाणी पिते, कारण वाळूत इंजिन तापतं, रेडिएटर उकळतो आणि वाफ नळीवाटे उडून जाते. बॅग्नोल्डने ही नळी मोकळी सोडली नाही. ती गाडीच्या बाजूला बसवलेल्या, थोडं पाणी असलेल्या डब्यात बुडवली. वाफ डब्यातल्या गार पाण्यात शिरते आणि तिथेच पाणी होते. इंजिन थंड झालं की रेडिएटरमध्ये निर्वात तयार होतो आणि तेच पाणी उलटं आत ओढलं जातं. पंप नाही, झडप नाही, काही नाही! थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या दोन चॅप्टरात बसेल एवढंच. आज अनेक कारमध्ये रेडिएटरशेजारी जी प्लॅस्टिकची बाटली असते, ती याच तत्त्वावर चालते. ही युक्ती पहिल्या महायुद्धातल्या गस्ती मोटारींनी आधी वापरली होती. बॅग्नोल्डने ती आणि तिच्यासारख्या आणखी काही गोष्टी घासूनपुसून भरवशाच्या केल्या.

हे वाचताना मला आमची अव्वा आठवली. उन्हाळ्यात घरात भरून ठेवलेल्या पाण्याचा एक थेंब ती वाया जाऊ द्यायची नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी अंगणातल्या झाडांना. फोर्डच्या बाजूला डबा बांधणारा इंग्रज इंजिनिअर आणि आमची अव्वा, दोघांचं डोकं एकाच दिशेने चालत होतं. कारण दोघांनाही पाणी कमी होतं.

दुसरा प्रश्न दिशेचा. लोखंडी गाडीत होकायंत्र बिचकतं, खरी उत्तर दाखवत नाही. दर वेळी गाडी थांबवून, लांब चालत जाऊन सुई बघायची, तर दिवस त्यातच जाणार. बॅग्नोल्डने डॅशबोर्डवर अंशांच्या खुणा केलेली आडवी तबकडी बसवली आणि तिच्या मध्यभागी उभी सुई. सुईची सावली कुठल्या अंशावर पडते ते बघत गाडी चालवायची आणि सूर्य सरकेल तशी तबकडी तक्त्यावरून फिरवत राहायची. हा सूर्यकंपास. किती अंतर कापलं ते गाडीच्या मीटरवरून वहीत मांडायचं. रात्री मुक्कामाला थिओडोलाइट लावून ताऱ्यांचे वेध घ्यायचे, वायरलेसवरून अचूक वेळ घ्यायची आणि आपण नकाशावर नक्की कुठे आहोत ते ठरवायचं. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल कंटाळवाणं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे रीडिंग कॉपी करून चालत नव्हतं, कारण पाण्याची जागा चुकली तर पुन्हा सबमिशनची तारीख मिळणार नव्हती!

तिसरा प्रश्न रुतण्याचा. टायरमधली हवा कमी केली की टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ वाढतं आणि वाळूवरचा दाब उतरतो. प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया, अकरावीचं सूत्र. तरीही गाडी रुतली तर चाकांपुढे घालायला लोखंडी पन्हाळीसारख्या पट्ट्या. त्या त्याला कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या. महायुद्धात खंदकांवर छत घालायला बनवलेला तो माल होता. पुढे जगभरच्या वाळवंटी गाड्यांवर अशा पट्ट्या दिसू लागल्या.

आणि मुख्य म्हणजे त्याने वाळू वाचायला शिकून घेतलं. टेकडीच्या ज्या बाजूला वारा वाळूचा एकेक कण बसवत जातो, ती बाजू घट्ट असते. आडोशाच्या बाजूला वाळू नुसती घसरून पडलेली असते, ती भुसभुशीत. तिचा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा. घट्ट बाजूने भरधाव गाडी सोडली तर ती टेकडीवर चढते, हे त्याने पहिल्यांदा केलं तेव्हा बरोबरच्यांनी श्वास रोखून धरला असणार. ताशी चाळीसेक मैलांनी समोरच्या पिवळ्या भिंतीवर गाडी घालायची, आणि माथ्यावर मात्र वेळेत थांबायचं, कारण पलीकडे कडा असू शकतो. १९२९ ला चाचपणी झाली, १९३० मध्ये ऐन दल्ला या शेवटच्या झऱ्यापासून निघून मॉडेल ए गाड्यांनी वाळूचा समुद्र पार झाला. तिथून गिल्फ कबीर, उवैनात, आणि शेवटी सुदानमधलं वादी हल्फा. त्या गावातल्या एका ग्रीक माणसाच्या बारमध्ये या भटक्यांनी झेरझुरा क्लब काढला. झेरझुरा हे अरबी दंतकथांमधलं हरवलेलं ओअॅसिस, जे सगळे शोधत होते आणि कोणाला सापडत नव्हतं. १९३२ साली बॅग्नोल्ड आणखी लांब, आजच्या चाडपर्यंत जाऊन आला. १९३४ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं आणि १९३५ मध्ये 'लिबियन सँड्स' हे त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं.

इथे दुसरा कोणी थांबला असता. पदक मिळालं, पुस्तक झालं, आणखी काय हवं? पण बॅग्नोल्डला एक प्रश्न छळत होता. रिकाम्या वाळवंटात, कोणी हात न लावता, वाळू इतक्या रेखीव आकारात गोळा होते कशी? चंद्रकोरीसारखी टेकडी वर्षानुवर्षं पुढे सरकते आणि तरी आकार सोडत नाही, हे काय गौडबंगाल आहे? १९३५ साली तो सैन्यातून निवृत्त झाला आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात त्याने स्वतःच्या हाताने एक विंड टनेल उभारला. आत वाळू, बाजूला काच, टोकाला पंखा. कुठलीही नोकरी नाही, डॉक्टरेटही नाही. वयाच्या चाळिशीत हा माणूस वाळूचे कण मोजत बसला!

त्याला जे सापडलं ते खळ्यावर उपणणी पाहिलेल्या माणसाला पटकन कळेल. सुपातून धान्य सोडलं की दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. वाळवंटातही तसंच. बारीक धूळ आकाशात उडून निघून जाते आणि वाळू मागे राहते. वाळूचा कण वाऱ्यावर तरंगत नाही, उड्या मारत जातो. उडतो, पडतो, पडताना दुसऱ्या कणांना टोला देतो, मग ते उडतात. वाळूचं वादळ चालू असतानाही माणसाचं डोकं आणि खांदे बऱ्याचदा उडत्या वाळूच्या थराच्या वर राहतात, ते यामुळेच. खडकाळ कठीण जमिनीवर कण उंच उसळतो आणि पुढे पळतो. वाळूवर पडला तर त्याचा जोर जिरतो आणि तो तिथेच रेंगाळतो. म्हणून जिथे थोडी वाळू आहे तिथेच आणखी वाळू साठते आणि टेकडी होते. त्याने याचं सूत्रही मांडलं. वाहून जाणारी वाळू जमिनीलगतच्या वाऱ्याच्या घर्षणवेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की वाळू दुप्पट नाही, आठपट! १९३८ मध्ये तो पुन्हा गिल्फ कबीरच्या बाजूला गेला आणि प्रयोगशाळेतले आकडे खऱ्या वाळूवर ताडून आला. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हे पुस्तक या विषयात आजही पहिल्यांदा उघडलं जातं.

मध्येच दुसरं महायुद्ध आलं. १९३९ ला त्याला परत बोलावलं गेलं आणि पूर्व आफ्रिकेकडे पाठवलं. भूमध्य समुद्रात त्याचं जहाज दुसऱ्या जहाजावर आदळलं, दुरुस्तीसाठी पोर्ट सैदला थांबलं, आणि हा जुन्या मित्रांना भेटायला रेल्वेने कैरोला गेला. जनरल वेव्हेलना त्याचा पत्ता लागला आणि तो इजिप्तमध्येच राहिला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. वाळवंटातून छोट्या गस्ती तुकड्या पाठवायचा त्याचा प्रस्ताव आधी नाकारला गेला होता. वेव्हेलनी तो मान्य केला आणि तयारीला सहा आठवडे दिले. अशी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी उभी राहिली. शेव्हरोले ट्रक, सूर्यकंपास, रेडिएटरचे डबे, लोखंडी पट्ट्या, आणि न्यूझीलंडचे जवान, त्यांतले बरेच शेतकरी. माणशी दिवसाला सहा पाइंट, म्हणजे साडेतीन लिटरहूनही थोडं कमी पाणी. हौसेने जमवलेलं ज्ञान युद्धाच्या कामी आलं. जी वाळू त्याने कुतूहलापोटी पालथी घातली, तिच्यावर माणसं एकमेकांना मारायला निघाली. एखादी गोष्ट शोधणाऱ्याच्या हातात तिचा वापर राहतोच असं नाही, ही बोच मला हा भाग वाचताना लागली.

१९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. युद्धानंतर त्याने नदी गाळ कसा वाहून नेते यावर अनेक वर्षं काम केलं. आमच्या जिल्ह्यातल्या उजनीसारख्या धरणात गाळ किती येणार, हे प्रश्न त्याच शास्त्राचे. १९७७ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, नासाने त्याला पृथ्वीवरच्या आणि मंगळावरच्या वाळवंटांवर बोलायला बोलावलं. २८ मे १९९० रोजी तो गेला. २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी हे रोव्हर मंगळावरच्या गेल विवरातल्या काळसर, सरकत्या टेकड्यांपाशी पोहोचलं. त्या टेकड्यांचं नाव बॅग्नोल्ड ड्यून्स.

आता थोडं आमच्या ट्रीपबद्दल. दिवाळीत सगळे दुधनीला आमच्या घरी जमले होते. आप्पा आडत दुकानात दिवाणजी. आयुष्य खतावणीत गेलेलं. त्यांनी आमचा कागद मागून घेतला. त्यावर टेंट, कॅमेरा, शेकोटी, गाणी असं बरंच होतं. आप्पांनी कन्नडमिश्रित मराठीत एवढंच विचारलं की पाणी किती, आणि गाडी बंद पडली तर काय. कोणी बोललं नाही. कारण मागच्या मे महिन्यात आमच्यातल्याच एकाच्या ओळखीचा मुलगा एका गडावर चक्कर येऊन पडला होता. अकरा जण आणि चार बाटल्या पाणी! तो वाचला, पण त्याला खाली आणेपर्यंत बरोबरच्यांची काय अवस्था झाली ते आम्ही ऐकलं होतं.

मग त्याच कागदाच्या मागे नवीन यादी झाली. वाळूत दोन दिवस, माणशी रोज पाच लिटर, सहा जणांचे साठ लिटर, आणि अडचणीसाठी निम्मं जास्त, म्हणजे नव्वद. पाण्याचा हिशेब एकाकडेच, त्याच्या परवानगीशिवाय कॅनला हात लावायचा नाही. वाटाड्या तिथलाच. अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्काम दिसला नाही तर मागे फिरायचं, तिथे मतदान नाही. मोबाईलवर नकाशा असेल, तरी कागदावरचा एक खिशात. आणि दोन ठिकाणी फोन नंबर देऊन जायचं. आप्पांनी बेरीज तपासली आणि माझ्या वाटणीचे पैसे द्यायचं कबूल केलं. त्यांच्या पगारात ती रक्कम लहान नाही, हे मला माहीत आहे.

बॅग्नोल्डच्या चरित्रात मला सगळ्यात जास्त हेच भावलं. आपण धाडसी माणसांच्या गोष्टी ऐकतो तेव्हा धाडस तेवढं लक्षात राहतं, आदल्या रात्रीची बेरीज-वजाबाकी कोणी सांगत नाही. वाळूचा समुद्र त्याने ओलांडला, पण त्याआधी प्रत्येक गॅलन पेट्रोल आणि पाण्याचा प्रत्येक डबा त्याच्या वहीत होता. पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल गळणार हेही त्याने धरलेलं असायचं. इतकं सगळं बांधून झाल्यावर मग तो बिनधास्त समोरच्या टेकडीवर गाडी घालायचा.

तेव्हा मित्रहो, पुढच्या सुटीत कुठेही जा. गडावर जा, समुद्रावर जा, वाळवंटात जा. आपण शिकतो ते सगळं, प्रेशर, कंडेन्सेशन, सर्व्हेइंग, परीक्षेपुरतं नाही. निघण्यापूर्वी एकदा कागद-पेन घेऊन बसा. आणि त्या कागदावर पहिली ओळ पाण्याची लिहा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मु. पो. दुधनी, ता. अक्कलकोट)